पुढची सळई

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त आमच्या दारातल्या नॅनोचं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, २०१० साली घेतलेली ही गाडी. बघता बघता पंधरा वर्षं उलटली. आता पुढे चालवायची तर बीडला आरटीओकडे तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायला हवी. मुलाचं म्हणणं, "अण्णा, द्या भंगारात." नातीचं म्हणणं बरोबर उलटं. तिला गाडी शिकायचीय आणि ती याच गाडीवर.

त्यातच पुढून खडखड आवाज यायला लागला. वडवणीच्या रस्त्यावर उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग लागते, आणि गाडीला पंधरा वर्षं कमी नाहीत. मिस्त्रीनं गाडी वर घेतली, तर पुढचे शॉकअप गळालेले आणि लोअर आर्मचे बुश संपलेले. पुतण्या शेजारी उभा होता. म्हणाला, "काका, पैसे घालायचेच तर पुढचं सगळंच अपग्रेड करू. पुढं मागच्यासारखे रुंद टायर टाकू, गाडी कशी भरलेली दिसंल."

तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, की नॅनोचे पुढचे टायर मागच्यांपेक्षा अरुंद आहेत. पुढे १३५ मिलिमीटर, मागे १५५. हे कशासाठी? मी जन्मभर इतिहास शिकवला, यंत्रातलं मला बेताचंच कळतं. पण प्रश्न पडला की जुन्या गोष्टींत शिरायची खोड काही जात नाही. "दोन दिवस थांबा," असं सांगून मी वाचायला बसलो.

आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. मागे इंजिन असलेल्या मोटारीचंही दुखणं वजनाचंच, फक्त ते वळणावर दिसतं. जड मागची बाजू बाहेर फेकली जाऊ पाहते. मागच्या टायरांनी पकड सोडली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि नवख्या माणसाला ती सावरत नाही. त्याउलट पुढचे टायर आधी सुटले तर गाडी हवी तेवढी वळत नाही, पण चालक आपसूक वेग कमी करतो आणि ती ताब्यात येते. म्हणून अशा गाडीत मुद्दाम अशी योजना करतात, की पकड सुटायचीच असेल तर पुढची आधी सुटावी. पुढचे टायर अरुंद ठेवण्यामागे हेच कारण.

याच कामाची दुसरी वस्तू म्हणजे अँटी-रोल बार. पोलादाची एक वाकवलेली सळई, पुढच्या दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली. वळणावर गाडी कलायला लागली की ही सळई पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. बाहेरच्या चाकावर सरकणाऱ्या भारातला जास्त वाटा पुढची चाकं घेतात, मागच्या दोन चाकांवरचा भार त्यामानानं सारखा राहतो आणि मागची पकड टिकते. म्हणजे मागचं दुखणं आणि त्याचं औषध पुढे!

आता या सळईचा इतिहास बघा.

मागे इंजिन असलेली जगातली सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे जर्मनीची फोक्सवॅगन बीटल. फर्डिनांड पोर्शे यांनी ती १९३० च्या दशकात आखली, सामान्य माणसाला परवडावी म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर ती लाखांनी विकली गेली. तिला पुढची ही सळई मिळाली १९५९ च्या ऑगस्टमध्ये, १९६० च्या मॉडेलवर. पुढे १९६५ मध्ये पुढच्या चाकांचे किंगपिन जाऊन बॉल जॉइंट आले आणि १९७० मध्ये सुपर बीटलला पुढे मॅकफर्सन स्ट्रट बसले. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बीटल बनली, तोवर पुढच्या भागाची अशी डागडुजी अनेकदा झाली होती.

बीटलला सळई मिळाली त्याच वर्षी अमेरिकेत शेव्हरोले कंपनीनं मागे इंजिन असलेली कॉर्व्हेअर बाजारात आणली, तीही पुढच्या सळईशिवाय! त्याऐवजी चाकांतल्या हवेवर भिस्त ठेवली होती. पुढे १५ पौंड, मागे २६. पण पेट्रोल पंपावर चारी चाकांत सारखीच हवा भरायची सवय तिथेही होतीच. १९६२ मध्ये सळई जादा पैसे देऊन मिळू लागली आणि १९६४ मध्ये सर्व गाड्यांना आली. रॅल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात पहिलंच प्रकरण या गाडीवर लिहिलं. खर्च वाचवण्यासाठी सुरक्षितता गाळली, हा त्यांचा आरोप. पुढल्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. न्यायाचं म्हणून हेही सांगितलं पाहिजे, की १९७२ च्या सरकारी अहवालानं कॉर्व्हेअर तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असा निर्वाळा दिला. पण तोवर गाडी बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

आणि मग आपली नॅनो. भर पावसात स्कूटरवरून चाललेलं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली, हे सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात गिरीश वाघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत लोकांनी ती पहिल्यांदा पाहिली आणि मार्च २००९ मध्ये ती विक्रीला आली. ६२४ सीसीचं इंजिन मागे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट. लाखाच्या किमतीत बसवायचं म्हणून वायपर एकच आणि चाकाला नट तीनच. पुढची सळईही नव्हती. ती आली नोव्हेंबर २०११ च्या सुधारित मॉडेलला. आमची गाडी त्याआधीची.

तीन देश आणि जवळजवळ पाऊण शतकाचा काळ. तिन्ही ठिकाणी स्वस्त गाडी करताना हीच सळई मागे राहिली आणि नंतर घालावी लागली. ज्ञान नव्हतं असं नाही, कॉर्व्हेअरपासून तर सगळं छापून आलेलं होतं. मला वाटतं, काटकसर करताना माणसाचा हात आधी न दिसणाऱ्या गोष्टीकडे जातो. शाळांतही हेच पाहिलं. कमान रंगवली जाते आणि प्रयोगशाळेला कुलूप लागतं. गिऱ्हाईक शोरूममध्ये गाडीखाली वाकून बघत नाही, आणि पालकही प्रयोगशाळेचं दार उघडायला सांगत नाहीत. स्कूटरवरच्या त्या चौघांना चार चाकं मिळाली, हे मोठंच काम झालं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण स्वस्त माणसाची सुरक्षा स्वस्त असावी का, हा प्रश्न राहतोच.

तिसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो. रुंद टायरांना नाही म्हणालो. पुढची पकड वाढली म्हणजे मागची आधी सुटणार. एवढ्या लोकांनी धडपडून जे साधलं, ते आपण दिसण्यापायी उलटं करायचं का? मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, पुढच्या मॉडेलची सळई वेल्डिंग करून बसवून देऊ का?" त्यालाही नको म्हटलं. जी गाडी त्या सळईसाठी घडवलेलीच नाही, तिला ठिगळ लावायचं आणि ते वळणावर सुटायचं! शेवटी शॉकअप आणि बुश मूळ मापाचे नवे घातले, टायर होते त्याच मापाचे घेतले आणि व्हील अलाइनमेंट करून घेतलं. पुतण्या थोडा हिरमुसला. "काका, एवढा खर्च केला पण दिसत काहीच नाही," म्हणाला.

मी म्हटलं, "तेच तर."

नात आता शिकते आहे. मी शेजारी बसतो आणि एकच धडा पुन्हा पुन्हा देतो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर घाबरून एकदम पाय काढायचा नाही, की ब्रेक दाबायचा नाही, कारण ओझं मागे आहे. ती म्हणते, "आबा, कळलं हो, किती वेळा सांगता!" पण सळई नाही ना आपल्या गाडीला. तिची जागा सध्या मीच भरून काढतोय.