जॉप्लिन, जॅनिस
(१९ जानेवारी १९४३ – ४ ऑक्टोबर १९७०). अमेरिकन रॉक व ब्लूज गायिका. जन्म टेक्सस राज्यातील पोर्ट आर्थर येथे. बेसी स्मिथ व लेडबेली या ब्लूज गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत तिचा गळा घडला. १९६६ मध्ये ती सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ या रॉक गटात दाखल झाली; जून १९६७ च्या माँटेरी संगीत महोत्सवाने तिचे नाव सर्वतोमुखी केले. घोगरा, फाटण्याच्या बेतात आलेला आवाज ही तिची ओळख. त्यामागची लयीची पक्की जाण मात्र अनेकदा दुर्लक्षिली जाते. ‘चीप थ्रिल्स’ (१९६८) हा गीतसंच अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचला. बेसी स्मिथच्या निनावी थडग्यावर शिळा बसवण्याचा निम्मा खर्च तिने १९७० मध्ये उचलला. त्यानंतर काही आठवड्यांतच लॉस अँजेलिस येथे हेरॉइनच्या अतिसेवनाने ती मरण पावली. ‘पर्ल’ (१९७१) हा गीतसंच मरणोत्तर प्रसिद्ध झाला.