भवभूतीच्या गावातली भीती

आमगावला कॉलेजच्या पाटीवर भवभूतीचे नाव वाचून बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, "हा संस्कृत नाटककार इकडे कुठे?" उत्तर जवळच्याच पदमपूर या खेड्यात आहे. आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून भवभूतीने पद्मपूरचे नाव दिले आहे. ते नेमके कोणते, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या ताम्रपटाचा आधार घेऊन आमगावजवळचे पदमपूर तेच असे मांडले. हा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला.

मी ऐतिहासिक आणि भयकथा लिहितो, म्हणून श्रोतेहो, या गावाशी माझे थोडे जास्तच नाते. भयकथेचा जन्म आपण विलायतेतला मानतो. होरेस वॉलपोलने १७६४ साली 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' छापली, तीही जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर असल्याचे सोंग घेऊन. पुढच्या आवृत्तीत त्याने खरे काय ते सांगितले आणि कथेला 'गॉथिक' म्हटले. पण त्याच्या हजार वर्षे आधी, आठव्या शतकात, भवभूतीने 'मालतीमाधव'चा पाचवा अंक स्मशानात नेला होता. भुताखेतांमध्ये एकटा हिंडणारा माधव, कराला देवीचे देऊळ आणि मालतीला बळी देऊ पाहणारा अघोरघंट! त्यातली एक युक्ती मी उचलली. माधवाला आधी आर्त हाक ऐकू येते, दृश्य नंतर दिसते. भीती कानातून आत शिरते, हे रेडिओ ऐकणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

ही युक्ती वापरून मी पहिली भयकथा लिहिली. काळ मालगुजारीचा, जागा नवेगावबांधचे जंगल आणि सुरी हातात घेतलेला गोंडांचा पुजारी, भुमका. कथा वाचली तेव्हा टाळ्या पडल्या. नंतर सालेकसा भागातले एक गोंड आजोबा जवळ आले. म्हणाले, "गोष्ट बढिया सांगता जी तुमी. पन तो भुमका आमचा आहे. तुमच्या पोराइले आता आमच्या देवाचं भेव वाटन."

मला उत्तर सुचले नाही. त्याच तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला तिथल्या गुहेत दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव दर्शनाला येतात. त्यांच्या श्रद्धेचा मी बागुलबुवा केला होता, तोही काही न तपासता. मालगुजाराच्या वाड्यातली वेठ, कर्जापायी गेलेली शेते, हे सारे याच भागातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकले होते. ते सोडून मी सोपी सुरी उचलली.

घरी येऊन 'मालतीमाधव' पुन्हा उघडले. अघोरघंट कापालिक, हे लक्षात होते. पण शेवटी मालतीला वाचवणारी सौदामिनी? तिनेही श्रीपर्वतावर कापालिक व्रत घेतलेले आहे! म्हणजे भवभूतीने एका पंथातला एक माणूस दुष्ट दाखवला, पण सगळा पंथ दुष्ट ठरवला नाही. मी त्याची हाक तेवढी उचलली, न्यायबुद्धी मात्र तिथेच ठेवून आलो.

कथा नव्याने लिहिली. आता पोरीला रात्री घेऊन जातो तो मालगुजाराचा कारभारी, बापाच्या कर्जापोटी वेठीला. भुमका कंदील घेऊन तिला शोधत फिरतो. मालगुजारी १९५१ साली संपली, पण तो वाडा ऐकणाऱ्यांना ओळखीचा वाटतो.

आजोबांना वाचून दाखवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी विचारले, "भेव कमी झालं काय जी?"

"नाही," ते म्हणाले, "वाढलं. हे खरं आहे ना."