बालगंधर्वांचा एकनाथ

पुण्याच्या नारायण पेठेतल्या केसरीवाड्यापाशी आलं की बालगंधर्वांच्या नावाची गोष्ट तिथेच घडली असं सांगण्याचा मोह होतो. टिळकांनी लहानग्या नारायण राजहंसाचं गाणं ऐकलं आणि ‘बालगंधर्व’ म्हटलं, ती गोष्ट. तारखा मात्र आड येतात. नारायणाचा जन्म २६ जून १८८८चा, आणि प्रसंग सांगतात तो १८९८च्या सुमाराचा. तेव्हा टिळकांचं बिऱ्हाड सदाशिव पेठेत, विंचूरकर वाड्यात होतं. गायकवाडवाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, त्यांच्याकडे आला १९०५मध्ये. गोष्ट खोटी नसेलही, पण पत्ता चुकतो.

श्रद्धा आणि मृत्यू यांविषयी स्त्रीभूमिका करणाऱ्या या नटाचं मन शोधायचं तरी तारखांनाच विचारावं लागतं. बोलण्यातल्या दोन लकबी तेवढ्या सर्वांना ठाऊक आहेत. समोरच्याला ते ‘देवा’ म्हणत आणि प्रेक्षकांना ‘अन्नदाते मायबाप’.

बालगंधर्वांशी केसरीवाड्याचा खरा धागा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा. ते ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१०मध्ये सरकारने बंदी घातली होती, आणि त्यांचं ‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर यायचं होतं. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग थांबवता आला असता. ते नायिका भामिनी होऊन उभे राहिले. लोकांनी याला कलानिष्ठा म्हटलं. मला तो वारकऱ्याच्या वारीसारखा नेम वाटतो. सुतकात देवाला हात लावत नाहीत; हे मायबापांपुढे गेले.

पुढे १९३१मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, ते ना. वि. कुलकर्णींच्या नाटकात कान्होपात्रा झाले. बिदरच्या बादशहाकडे जाण्यापेक्षा विठ्ठलाच्या पायांशी प्राण सोडणारी ही संत. पंढरपूरच्या देवळातला तरटीचा वृक्ष तिचा म्हणून दाखवतात. मरण आणि भक्ती एकाच क्षणी उभी करायची भूमिका, आणि तीही स्त्रीची. बालगंधर्वांना ती मानवली.

अडलं ते संत एकनाथांच्या भूमिकेपाशी. त्यांची नाटक कंपनी कर्जात बुडालेली, बोलपटांनी नाटकांचा प्रेक्षक पळवलेला. अशा वेळी पुण्यातल्या ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीशी जोडी जमली आणि दिग्दर्शक शांतारामबापूंनी १९३५मध्ये त्यांना पुरुषवेषात संत केलं. चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. अस्पृश्याच्या घरी जेवणारा एकनाथ आणि वर हे नाव, सेन्सॉरला त्यात गांधी दिसले. मग ‘धर्मात्मा’ झालं. चित्रपट आजही पाहता येतो. गाणं गोड आहेच, पण अंगात एकनाथ उतरत नाही. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायला तीस वर्षं घडवलेला अभिनय कॅमेऱ्यापुढे अवघडून जातो. समोर मायबाप नव्हते. कॅमेऱ्याला ‘देवा’ म्हणायचं तरी कसं? प्रभातशी जमलेली जोडी या एका चित्रपटावरच सुटली.

इथे विष्णुपंत पागनीस आठवायलाच हवेत. तेही जुने स्त्रीपार्टी. मग भजनं, मुंबईच्या शाळांत संगीत शिकवणं. पुढच्याच वर्षी, १९३६मध्ये, त्याच प्रभातमध्ये दामले-फत्तेलालांनी त्यांना तुकाराम केलं. ‘संत तुकाराम’ मुंबईत सत्तावन्न आठवडे चालला. शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं त्यातलं ‘आधी बीज एकले’ लोकांना तुकोबांचाच अभंग वाटू लागलं. पागनीसांना मग तुळशीदास (१९३९) आणि नरसी भगत (१९४०) व्हावं लागलं. १९४३मध्ये ते गेले. एकदा अंगाला चिकटलेली संताची भूमिका त्यांच्याच्याने उतरली नाही.

बालगंधर्वांनी मात्र ती दोन वर्षांत उतरवली असं म्हणावं, तर १९३७चा ‘साध्वी मीराबाई’ आडवा येतो. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, मूळ बालगंधर्वांच्याच कंपनीचं नाटक, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे ते पुन्हा स्त्रीवेषात, मीरा होऊन.