पाइल ठोकली की खोदून भरली? वाळूत पायाची ताकद त्यावर ठरते

घोडबंदर रोडवरच्या मेट्रो ४ आणि ४अ सारख्या उन्नत मार्गांच्या खांबांखाली बहुतेकदा पाइलचा पाया असतो. पाइल म्हणजे जमिनीत खोलवर उभा असलेला काँक्रीटचा किंवा पोलादाचा दांडा. तो दोन प्रकारे भार पेलतो: बाजूच्या मातीशी होणाऱ्या घर्षणाने आणि टोकाखालच्या जमिनीच्या आधाराने. जमीन वाळूची असेल, तर एकाच मापाच्या दोन पाइल वेगवेगळा भार पेलू शकतात. फरक पडतो तो पाइल जमिनीत कशी घातली यामुळे.

ठोकलेली पाइल

रव्याचा डबा आपटला की रवा खाली बसतो. सैल वाळूत पाइल ठोकली की असंच होतं. कण बाजूला सरकतात, घट्ट बसतात आणि पाइलला आवळून धरतात. त्यामुळे घर्षण आणि टोकाचा आधार दोन्ही वाढतात. वाळू आधीच घट्ट असेल, तर हा फायदा कमी होतो आणि ठोकताना पाइलचं डोकं फुटण्याचा धोका असतो.

खोदून भरलेली पाइल

इथे वाळू बाहेर काढली जाते, त्यामुळे भोकाभोवतीची वाळू सैल होते. भूजलाखाली तर ती आत ढासळते. म्हणून भोकात बेंटोनाइटचं द्रावण भरतात आणि काँक्रीट पाइपने तळापासून वर भरत आणतात. तळाशी गाळ राहिला, तर पाइल बरीच खचल्याशिवाय टोकाला पुरेसा आधार मिळत नाही. म्हणूनच वाळूत अशा पाइलची क्षमता साधारणपणे ठोकलेल्या पाइलपेक्षा कमी धरतात.

मग घोडबंदरला खोदूनच का?

इथे एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. जमिनीत मुख्यतः चिखल, मुरूम आणि कातळ. कातळात पाइल ठोकता येत नाही. शिवाय रस्त्यालगत इमारती असल्याने हादरे आणि आवाजही नको असतात. म्हणून भोक कातळापर्यंत नेऊन पाइल त्यात रोवतात. इथे भार मुख्यतः कातळ पेलतो, पण तळ साफ हवा हा नियम इथेही तितकाच महत्त्वाचा.

खात्री कशी करतात?

भारतीय मानक आयएस २९११ मध्ये ठोकलेल्या आणि खोदून भरलेल्या पाइलसाठी स्वतंत्र विभाग आहेत. चौथा भाग भारचाचणीचा आहे. प्रत्यक्ष कामातल्या निवडक पाइलवर ठरलेल्या भाराच्या किमान दीडपट भार देऊन ती किती खचते, हे मोजतात.