जाम झालेला स्टड : जोर कमी, सबुरी जास्त

सुरत : उधना, लिंबायत भागात खान्देशातून येऊन स्थायिक झालेली मराठी माणसे पुष्कळ. यातल्या एखाद्या घरासमोर वडिलांच्या काळातली प्रीमियर पद्मिनी अजून उभी दिसते. ती पुन्हा चालू करायची म्हटले, की सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे स्टड हलता हलत नाहीत.

का अडकतात?
फियाट ११०० वर बेतलेल्या या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचे. त्यात पोलादी स्टड. समुद्राकडची खारी, दमट हवा लागली की दोन धातूंमध्ये क्षार साचतो आणि आटे धरून बसतात. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरासारख्या पाण्यात इंजिन बुडाले असेल, तर विचारायलाच नको.

काढायचा कसा?
तारेच्या ब्रशने गंज झाडा. गंज सोडवणारे तेल मुळाशी सोडून रात्रभर ठेवा. सकाळी स्टडच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. मग दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून उलटे फिरवा. जरा हलला की पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा तेल द्या. एका दमात ओढला तर तुटलाच समजा.

तरीही हलत नसेल, तर शेक द्यावा; पण स्टडला नाही, भोवतालच्या धातूला. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणून पकड सुटते. मात्र ते लाल न होताच सुमारे ६६० अंशांवर वितळते. ज्योत एका जागी धरू नये. त्याआधी तेल पुसून काढा, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर दूर करा, बॅटरी सोडा.

तुटलाच तर?
थोटूक वर असेल तर त्यावर नट वेल्ड करून घ्या. त्या उष्णतेनेही आटे सुटतात. आत तुटला असेल तर हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे. बरोबर मधोमध ड्रिल करणे हातचे काम नाही. भोकात ठोकून फिरवायचा एक्स्ट्रॅक्टर आत मोडला, तर साधे ड्रिल त्याला लागतही नाही. आटे गेले असतील तर हेलिकॉइल बसते, हेड वाचते.

नवा स्टड लावताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा. पुढच्या वेळी हीच झटापट टळते.