मेणबत्तीचा तळ

जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास विषयांची वाण नाही. निर्मळची लाकडी खेळणी आहेत, केस्लापूरच्या नागोबाची यात्रा आहे, १९४० मध्ये जोडेघाट येथे धारातीर्थी पडलेल्या कोमराम भीमाची कहाणी आहे. या मोठ्या विषयांच्या रांगेत मेणबत्ती कोठे बसावी? तरीही गेल्या चार दशकांत पैनगंगेच्या या काठावरील मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्या घरांत मेण वितळविण्याचे जे शिक्षण झाले, त्याची नोंद शासकीय अहवालांच्या रकान्यांपलीकडे फारशी झालेली नाही. ती येथे करावी असा आमचा हेतू आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. मेण हा शब्द परका नाही. संस्कृतात मधमाशीच्या मेणास ‘मदन’ म्हणत. त्याचे प्राकृतात ‘मयण’ झाले आणि मराठीत ‘मेण’. मध काढून घेतल्यावर उरणारे ते ‘मधूच्छिष्ट’, असेही त्याचे एक नाव आहे. हिंदीतील ‘मोम’ मात्र फारसीतून आला. पदार्थ आपला, नावही आपले. पण मेणाची वात करून ती घरात जाळण्याची चाल आपली नव्हे. देवापुढे तेलातुपाचा दिवा, ओसरीवर पणती, वाटेवर दिवटी किंवा मशाल, अशी आपली व्यवस्था होती. पिकाच्या पट्ट्यात जवस, तीळ, करडई, एरंड यांचे तेल आणि जंगलपट्टीत मोहाच्या बियांचे तेल. हे मोहाचे तेल हिवाळ्यात थिजून लोण्यासारखे होते. एकोणिसाव्या शतकात मोहाच्या बिया युरोपात जात त्या साबणासाठी आणि मेणबत्त्यांसाठीच. म्हणजे मेणबत्ती आपल्याकडे येण्यापूर्वी तिचा कच्चा माल मध्य भारताच्या जंगलांतून बाहेर गेला होता. वसाहतीच्या व्यापारात अशा गंमती पुष्कळ आढळतात.

मेणाचे खरे जाणकार आमच्या जिल्ह्यात होते, ते डोंगरात. जैनूरजवळच्या उशेगावातील ओतकाम करणारे कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळून मूर्ती, घंटा, दिवे घडवितात. त्यावर मातीचे लेप देतात. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत पितळ शिरते. हीच ढोकरा कला. २०१८ मध्ये ‘आदिलाबाद ढोकरा’ या नावाने तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तत्पूर्वी २०१६ च्या जिल्हाविभाजनात जैनूर कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले होते. नाव मात्र आदिलाबादचे राहिले. या विद्येचे शास्त्रही दख्खनमध्येच लिहिले गेले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाची प्रतिमा करून धातू ओतण्याचा विधी आहे. प्रतिमेच्या मेणाचे वजन करून त्याच्या किती पट धातू घ्यावा हेही त्यात सांगितले आहे. मेण किती घट्ट असावे, उन्हाळ्यात ते किती ढिले पडते, आकार कसा धरते, हे ज्ञान आमच्या मातीत मेणबत्तीच्या कितीतरी आधीचे आहे. फरक एवढाच की ओतकाऱ्याला मेण शेवटी जाऊ द्यायचे असते आणि मेणबत्ती करणाऱ्याला ते उभे ठेवायचे असते.

मेणबत्ती आपल्याकडे आली ती दोन वाटांनी. एक वाट चर्चची. गोवा, वसई, वांद्रे येथे ती पोर्तुगीजांबरोबर रुजली; वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरातील जत्रेत नवसाचे मेणाचे हात, पाय, घरे आजही वाहिली जातात. दुसरी वाट दरबाराची. शमा, शमादान, फानूस हे शब्द मुसलमानी अमदानीत दख्खनी बोलीत आले आणि हैदराबादेच्या मुशायऱ्यांत ज्या शायराची पाळी असे त्याच्यापुढे शमा ठेवण्याचा रिवाज होता. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, परंतु हैदराबादेतील शमेचा उजेड बेला-भैंशापर्यंत पोहोचला असेल असे मानण्याचे कारण नाही.

सर्वसामान्यांच्या घरात मेणबत्ती नेली ती रसायनशास्त्राने आणि खनिज तेलाने. फ्रान्समध्ये शेव्ह्रलने चरबीचे घटक वेगळे करून दाखविले आणि १८२५ मध्ये गे-ल्युसॅकसह त्या आम्लांपासून मेणबत्ती करण्याचे पेटंट घेतले. त्याच सुमारास विणलेली वात आली. ती जळताना वाकते आणि तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन जळून जाते, त्यामुळे वात वारंवार कातरण्याचे काम संपले. १८३४ मध्ये इंग्लंडात जोसेफ मॉर्गनने साच्यातून मेणबत्त्या काढण्याचे यंत्र केले. १८५० मध्ये जेम्स यंगने दगडी कोळशापासून पॅराफिन काढण्याचे पेटंट घेतले आणि १८५९ नंतर अमेरिकेतील खनिज तेलाने पॅराफिन मेण स्वस्त केले. आपल्याकडे ब्रह्मदेशातील तेल आणि १९०१ मध्ये सुरू झालेला आसामातील दिग्बोईचा कारखाना यांतून हे मेण मिळू लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घासलेट आणि पॅराफिन मेण ही एकाच तेलाची दोन अपत्ये. त्यांपैकी घासलेट गावोगाव गेले. चिमणी आणि कंदील घरोघर टांगले गेले. मेणबत्ती महाग पडे, म्हणून ती मागे राहिली. ती आमच्या खेड्यांत खऱ्या अर्थाने शिरली ती विजेबरोबर! ज्या घरात वीज नव्हती तेथे चिमणीचे राज्य होतेच. वीज आली आणि ती जाऊ लागली, तेव्हा फडताळात मेणबत्ती व काडेपेटी ठेवण्याची सवय लागली. जुन्या प्रकाशाला नव्या प्रकाशाने हटविले असे इतिहासात सरसकट सांगितले जाते. मेणबत्तीच्या बाबतीत आमच्याकडे उलटे घडले.

या गरजेतूनच प्रशिक्षणवर्ग निघाले. ग्रामीण महिला व बालविकासाची ‘ड्वाक्रा’ योजना केंद्र शासनाने १९८२-८३ मध्ये देशातील निवडक ५० जिल्ह्यांत सुरू केली. तत्कालीन आंध्र प्रदेशातील पहिल्या जिल्ह्यांत श्रीकाकुलम व कडप्पा यांच्याबरोबर आदिलाबाद होता. पंधरा-वीस स्त्रियांचा गट आणि त्यास १५,००० रुपयांचा फिरता निधी, असे तिचे स्वरूप होते. पापड, लोणची, खडू, उदबत्ती यांच्या पंगतीत मेणबत्ती होती. ती लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंच्या यादीतही असे, म्हणजे मोठ्या कारखानदाराने तीत पडायचे नाही. १ एप्रिल १९९९ पासून ड्वाक्रा स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली, तरी शिकविण्याची पद्धत फारशी बदलली नाही. दोन पाखांचा ॲल्युमिनियमचा साचा, त्यात ताणलेले सूत, वरून ओतलेले मेण, पाण्यात बुडवून थंड करणे आणि साचा उघडून कांड्या मोकळ्या करणे. दोन दिवसांत हात बसे.

या कांडीला तळाची चिंता नव्हती. वीज गेली की आपण वाटीत मेणाचे चार थेंब पाडून तीत कांडी रोवतो. ती थोडी तिरकी असली तरी कोणी पाहत नाही. वर्गातही कांड्यांची संख्या मोजली जाई, त्यांचे बूड कोणी पाहत नसे. शासकीय सेवेत असताना आम्ही जे वर्ग पाहिले, त्यांत उशेगावचा एखादा ओतकारी मेणाविषयी दोन शब्द सांगायला बोलावलेला आम्हांस दिसला नाही. योजना एका खात्याची, हस्तकला दुसऱ्या खात्याची. मेण दोन्हीकडे एकच असले तरी नस्ती एक नव्हती.

पुढे काळ बदलला. एप्रिल २०१५ मध्ये राखीव यादीतील शेवटच्या २० वस्तू मुक्त झाल्या, त्यांत मेणबत्तीही होती. इन्व्हर्टर आणि बॅटरीवरचे एलईडी दिवे घरोघर आले. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीलाही २४ तास वीज देण्यात आली. फडताळातल्या कांडीचे काम त्यामुळे जवळजवळ संपले. उरली ती शोभेची, सणासमारंभाची, जाडजूड खांबासारखी मेणबत्ती, जिला बाजारात पिलर कँडल म्हणतात. तिला वाटी नको, शमादान नको. तिने आपल्याच तळावर उभे राहायचे असते. ज्या गोष्टीकडे पूर्वी कोणी पाहत नव्हते, तीच आता विक्रीची पहिली अट झाली.

महाराष्ट्रात या वाटेने आधी गेले ते महाबळेश्वरचे भावेश भाटिया. दृष्टी गेलेल्या या गृहस्थांनी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत मेणबत्तीचे काम शिकून १९९० च्या दशकात ‘सनराइज कँडल्स’ हा व्यवसाय उभारला आणि इतर अंधांना तो शिकविला. सपाटी डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते, हे मेणाचे काम करणारा कोणीही मान्य करील.

आता या सपाटीचा विचार थोडा सविस्तर करू, कारण घरी शिकणाऱ्याची खरी परीक्षा तेथेच आहे. साचा म्हणून पत्र्याचे नळकांडे किंवा सरळ बाजूंचा डबा चालतो. तळाच्या मध्यावर बारीक भोक पाडून वात ओवायची, भोक लांबीने किंवा मळलेल्या कणकेने बुजवायचे, आतून तेलाचा पुसट हात फिरवायचा आणि वातीचे वरचे टोक आडव्या काडीला बांधायचे. साच्याचा तळ हा मेणबत्तीचा माथा होतो. वरची उघडी बाजू, जेथून मेण ओततो, तीच पुढे बूड होते. हे उलटेपण नीट समजले की अर्धे काम झाले.

मेण थेट विस्तवावर ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे भांडे ठेवावे, म्हणजे ते १०० अंशांच्या वर जात नाही. मेण पेटलेच तर त्यावर पाणी कधीही ओतू नये, झाकण घालून ज्योत कोंडावी. ५८ ते ६० अंशांना वितळणारे पॅराफिन जाड मेणबत्तीस बरे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. एवढ्या उष्म्यात मऊ मेणाचा खांब खिडकीजवळ ठेवल्यास दुपारपर्यंत कंबरेत वाकतो. म्हणून त्यात दहावा हिस्सा स्टिअरिक ॲसिड मिसळतात. ओतकारी मेण घट्ट करण्यासाठी राळ मिसळतो, त्यातलाच हा प्रकार. हिवाळ्याची अडचण निराळी. डिसेंबरातल्या आदिलाबादी थंडीत साचा उघड्यावर ठेवला तर मेण एकाएकी आकसून तडकते. साच्याभोवती गोणपाट गुंडाळावे.

बूड वाकडे का होते? पुष्कळांना वाटते, मेण नीट ओतले गेले नाही. वस्तुतः पातळ मेण पाण्यासारखे आपली पातळी आपण राखते. साचा तिरक्या फरशीवर उभा असेल तर आतील मेणाचा पृष्ठभाग अगदी आडवाच राहतो, आणि नेमके त्यामुळेच साच्याच्या मानाने बूड तिरपे गोठते. म्हणून ओतण्यापूर्वी गवंड्याची पाणसळ फरशीवर ठेवून पाहावी. ती नसेल तर ताटात पाणी घेऊन कडेशी त्याची उंची सगळीकडे सारखी आहे का ते बघावे. साच्याखाली कागदाची घडी सरकविली की काम भागते.

दुसरे कारण आकसण्याचे. गोठताना मेण सुमारे दहाव्या हिश्श्याने आटते, कधी त्याहूनही अधिक. कडा आधी गोठतात, मधला भाग मागाहून खाली ओढला जातो आणि वातीभोवती खळगा पडतो. वर साय धरली की विणकामाची सुई वातीच्या आजूबाजूस दोन-चार ठिकाणी खोल टोचावी, म्हणजे आतली पोकळी उघडी होते. मग राखून ठेवलेले मेण पहिल्यापेक्षा किंचित अधिक गरम करून ओतावे. मात्र पहिल्या भरण्याच्या रेषेवर जाऊ देऊ नये, नाहीतर ते साचा आणि मेणबत्ती यांच्या फटीत उतरते. घाई करणाऱ्याची मेणबत्ती येथेच ओळखू येते.

याउपर राहिलेला फरक तापलेल्या सपाट पृष्ठावर घासून काढायचा. तवा मध्ये खोलगट असतो, तो उपयोगाचा नाही. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर सपाट बुडाची थाळी पालथी घालावी आणि मेणबत्ती ताठ धरून तीवर हलकेच फिरवावी. दाबू नये, दाबले की हात ज्या बाजूस झुकतो ती बाजू अधिक झिजते. दोन फेऱ्यांनंतर ती काचेवर उभी करून सुताराचा गुण्या आधी एका बाजूस आणि मग काटकोनातील दुसऱ्या बाजूस लावावा. एकाच बाजूने पाहून समाधान मानणाऱ्याची मेणबत्ती दुसऱ्या बाजूने कललेली निघते.

ही सपाटी केवळ दिसण्यासाठी नाही. मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर जी व्याख्याने दिली, त्यांत याचे कारण आले आहे. ज्योतीभोवती वर चढणारी हवा मेणबत्तीची कड गार ठेवते, त्यामुळे मधोमध वितळलेल्या मेणाची वाटी तयार होते आणि वातीला इंधन मिळत राहते. कड एका बाजूने खचली की वाटी फुटते आणि मेण ओघळते. नक्षीदार, पन्हळी मेणबत्त्या दिसायला सुंदर पण जळायला वाईट, असेही त्याने दाखविले होते. कललेल्या खांबाचे तेच होते. खालच्या बाजूची कड आधी वितळते, मेण सांडते, वात उघडी पडून धूर धरते. हार-फुलांच्या चौरंगावर किंवा पडद्याशेजारी असा खांब लवंडला तर काय होईल हे सांगावयास नको.

थाळीवर घासताना जे मेण वितळून साचते ते टाकीत नाहीत. पाणी लागले नसेल तर खरवडून एका डब्यात जमा करतात, आणि पुढच्या वेळी खळगा भरण्यासाठी तेच पहिले वापरले जाते.