अंजिराचं बिऱ्हाड
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली गोष्ट. मगधाच्या गादीवर चंद्रगुप्त मौर्याचा मुलगा बिंदुसार होता. त्यानं सीरियाच्या ग्रीक राजाला, अँटायोकसला, निरोप धाडला की गोड मद्य, सुकी अंजिरं आणि एक तत्त्ववेत्ता विकत घेऊन पाठवा. उत्तर आलं, मद्य आणि अंजिरं जरूर पाठवतो, पण तत्त्ववेत्ते विकायला आमच्याकडे कायद्यानं मनाई आहे. अथेनियस नावाच्या ग्रीक लेखकानं ही हकीकत टिपून ठेवली आहे. या देशात तत्त्ववेत्त्यांची टंचाई कधीच नव्हती, हे बहुधा राजाला कुणी सांगितलं नसावं. अंजिराची मात्र ओढ होती, एवढं खरं.

हे झाड मूळचं पश्चिम आशियातलं. जॉर्डनच्या खोऱ्यात गिल्गाल इथं जळून कोळसा झालेली नऊ अंजिरं सापडली. ती सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची असल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालं. गहू-जवाच्या शेतीआधीच माणूस अंजिराच्या फांद्या लावत होता, असं त्या संशोधकांचं म्हणणं. त्यावर पुढं वादही झाले. कुराणातल्या ९५व्या सूरेचं नावच ‘अत्-तीन’, म्हणजे अंजीर. आपला मराठी शब्द मात्र अरबीतून नव्हे, फारसीतून आला. दख्खनच्या दरबारांत फारसी चालत होती. आमचा सोलापूरचा किल्लासुद्धा चांदबिबीच्या लग्नात निजामशाहीकडून आदिलशाहीला आंदण गेलेला. त्या राबत्यात शब्द रुळला आणि फळापाशी थांबला नाही. आमच्या गावच्या मागावर ‘अंजिरी’ लुगडं विणणाऱ्याला आणि ते नेसणारीला हा शब्द परका आहे, असं सांगून पाहा!

अंजीर बाहेरून आलं, पण त्याचे भाऊबंद इथं आधीपासून होते. वड, पिंपळ, उंबर ही सगळी त्याच कुळातली. गाणगापूरची वाट आमच्या जिल्ह्यातूनच जाते, त्यामुळं औदुंबराची थोरवी मी काय सांगावी? ‘उंबराचं फूल’ म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. ते दिसत नाही, कारण फळ समजून आपण जे खातो त्याच्या पोटातच फुलं असतात. त्यांच्यापर्यंत परागकण पोचवायला एक बारीकशी माशी लागते. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या बागाइतदारांनी स्मर्नाच्या नामांकित अंजिराची झाडं नेऊन लावली. झाडं वाढली, पण कच्ची फळं गळून पडायची. शेवटी १८९९ साली ती माशी तिथं रुजवली, तेव्हा कुठं फळ टिकलं. आपल्याकडचं पुणेरी अंजीर या बाबतीत स्वावलंबी, त्याला माशी लागतच नाही.

ही माहिती मला फार उशिरा कळली. आमच्या शेजारच्या जैन काकू अंजीर खात नसत. उंबराच्या जातीची पाच फळं त्यांना वर्ज्य, कारण आत जीव असतो. अम्मा वाटीभर अंजिरं घेऊन जायची आणि काकू ती हात न लावता मुलांना वाटून टाकायच्या. पण आम्ही गावाला गेलो की झाडाला पाणी काकूच घालायच्या. माशीचा खुलासा करायला आता त्या नाहीत. असत्या तरी मी केला नसता.

हे झाड अम्मानं दोनदा लावलं आणि दोनदा घालवलं. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं आणि अंजिराच्या मुळ्या कुजतात. तिसऱ्या वेळी कुणीतरी सुचवलं म्हणून खड्ड्यात मुरूम आणि पडक्या भिंतीचा चुनखडीचा राडारोडा भरला. अंजिराला चुना मानवतो. न्हाणीचं पाणी हाताच्या अंतरावरून जात होतं. झाड लागलं.

थंड मुलखात याच्या उलट. इंग्लंडमध्ये दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीला टेकवून, मुळ्यांभोवती विटांचा हौद बांधून अंजीर वाढवतात. नाहीतर ते नुसता पाला करतं. न्यूयॉर्कला गेलेले इटालियन लोक हिवाळ्यात झाड चिंध्या-गोणपाटात गुंडाळत, कुणी तर ते वाकवून जमिनीत पुरत आणि वसंतात उकरून काढत. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या आम्हा सोलापूरकरांना हे ऐकून हसू येतं. आमची लढाई पावसाशी आणि पाखरांशी. पावसाळ्यातल्या खट्ट्या बहाराचं फळ पाणचट होतं, उकलतं, पानांवर तांबेरा पडतो. उन्हाळ्यातला मिठा बहार खरा. त्यासाठी आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग छाटणी करायची. ताण द्यायला आमच्याकडे नगरपालिकेचा नळ पूर्वीपासून मदत करत आला आहे.

व्यापारी अंजीर पिकलं ते पुरंदरच्या निचऱ्याच्या जमिनीवर. तिथल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जाधववाडीला अंजीर-सीताफळाचं संशोधन केंद्रही आहे. आमच्या वाट्याला डाळिंब आलं. त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. तक्रार नाही. पण पिकलेलं अंजीर दोन दिवसांवर टिकत नाही. खरी चव अंगणातच, उन्हानं कोमट झालेल्या फळाची.

आमचं घर पाडून तिथं इमारत उभी राहायची आहे. छाटणीच्या वेळी वर्षभराच्या, अंगठ्याएवढ्या जाड फांद्यांचे वीतभर लांबीचे पाच तुकडे केले, प्रत्येकावर तीन-चार डोळे राखले, चीक वाळू दिला आणि मुरूममिश्रित मातीच्या कुंड्यांत खोचले. तीन वाळले. दोनांना पानं फुटली आहेत. एक कुंडी भावाच्या गच्चीवर ठेवली. दुसरी काकूंच्या सुनेनं मागून नेली.